उंबरा किती इंच?

आमच्या करमाळ्याच्या माणसाला कुणी विचारलं, की तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे, तर तो आधी एक आकडा सांगतो. ९६. श्रीदेवीच्या माळावर कमलाभवानीचं देऊळ आहे, त्याचे खांब ९६, ओवऱ्या ९६, जवळच्या बारवेच्या पायऱ्या ९६. अठराव्या शतकात राजे रावरंभा निंबाळकरांनी हे देऊळ बांधलं. तुळजापूरच्या भवानीचं हे दुसरं ठाणं, असं आम्ही मानतो. गोपुरं दक्षिणेकडच्या देवळांसारखी, समोर उंच दीपमाळा. लहानपणी आम्ही पोरं त्या बारवेत पळत उतरायचो आणि मोजत वर यायचो. कुणाच्या ९५ भरायच्या, कुणाच्या ९८. मग भांडणं.

एवढं असून करमाळ्यात मुक्कामाला कुणी येत नाही. टेंभुर्णीकडून नगरकडं जाणाऱ्या रस्त्यावरून शिर्डीच्या गाड्या रात्रंदिवस वाहतात. त्यातली एखादी चहाला थांबते, पंक्चर काढते आणि जाते. रेल्वे गावाला नाही, वीसेक किलोमीटरवर जेऊरला उतरावं लागतं. मी शाळेत इतिहास शिकवायचो. चार माणसं आपलं गाव बघायला आली पाहिजेत, असं मला फार वाटायचं. ओळखीनं कुणी आलं, की मी त्यांना देऊळ, बारव, भुईकोट किल्ला फिरवून आणायचो. माझं सांगून व्हायचं, त्यांचे फोटो काढून व्हायचे. गावाचं काही दाखवायचं राहिलं, असं कधी मनात आलं नाही.

पण आमच्या घरातच एक माणूस होतं, ज्याला ते देऊळ दिसत नव्हतं. माझी आई.

आई लग्न होऊन करमाळ्यात आली तेव्हापासून नवरात्रात नऊ दिवस अनवाणी माळावर जायची. गावापासून दीड-दोन किलोमीटर. पहाटे अंधारात बायकांचा घोळका निघायचा, त्यात तिचा आवाज सगळ्यात मोठा. पुढं तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं सावकाश परत आलं, पण पाय आला नाही. चाकाची खुर्ची आणली. त्या वर्षी नवरात्रात मी तिला रिक्षातून माळावर नेलं. दरवाज्याशी पायऱ्या, मग उंबरा. गर्दीतली चार पोरं न सांगता पुढं आली. "सरका, सरका, आजीला जाऊ द्या," म्हणत त्यांनी खुर्चीसकट तिला उचललं आणि थेट आत नेलं. माणसं बाजूला झाली, कुणी तिच्या पाया पडलं. मला भरून आलं. म्हटलं, गाव असावं तर असं.

रात्री आई जेवली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मढं उचलावं तसं न्हेलं रं मला. तोंड वर, पाय पुढं. देवीपुढं असं जायचं व्हय?"

मी म्हटलं, "आई, चांगल्या मनानंच उचललं की पोरांनी."

"मन चांगलंच हुतं त्यांचं. पर मला इचारलं का कुणी?"

त्यानंतर ती माळावर आली नाही. मंगळवारी, शुक्रवारी दारात खुर्ची लावून त्या दिशेला हात जोडायची. मीही विषय काढायचा सोडून दिला.

पुढं दोन वर्षांनी, डिसेंबरात, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. ती दृष्टिहीन मुलांना अभ्यासात मदत करायला जाते. म्हणाली, "सर, आमच्या ग्रुपला करमाळा दाखवाल का? नऊ जण दिसत नसलेले आहेत, एक व्हीलचेअरवर आहे."

मी हो म्हणालो. पण खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो लाजिरवाणा होता. ही मुलं येऊन बघणार काय?

दोन दिवसांनी त्या व्हीलचेअरवाल्या मुलाचा फोन आला. आवाजावरून वीस-बावीस वर्षांचा. "सर, देवळाच्या दरवाज्याला पायऱ्या किती? उंबरा किती इंच आहे? संडासाचं दार किती रुंद?"

मी गप्प. ९६ खांब, ९६ ओवऱ्या, ९६ पायऱ्या तोंडपाठ असलेला इतिहासाचा मास्तर. त्या उंबऱ्यावरून हजार वेळा पाय टाकला असेल. तो किती इंच, हे मला ठाऊक नव्हतं. गावात चौघांना विचारलं, त्यांनाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माळावर गेलो. एक म्हातारा म्हणाला, "काय गुर्जी, देवीचं घर इकायला काढलं का काय?"

मापं कळवली तसा त्या मुलानं हिशोब सांगितला. एक फूट चढ असेल तर उतरण बारा फूट लांब पाहिजे, तरच खुर्ची माणसाच्या ताब्यात राहते. मला ते जास्तच वाटलं. आमच्या गल्लीतल्या सुताराकडून मी आधी चार फुटांची फळी करून घेतली आणि तिच्यावर खताची गोणी ठेवून खुर्ची ढकलून पाहिली. खुर्ची निम्म्यातून मागं आली ती माझ्या नडगीवर. सुतार हसला आणि म्हणाला, "पोरगं बराबर सांगतंय, गुर्जी." मग त्यानं तुकड्यातुकड्यांची, जोडून लांब होणारी लाकडी उतरण केली, दोन्ही कडांना पट्ट्या मारल्या. देवळातल्या मंडळींची अट एकच होती, जुन्या दगडाला खिळा लागता कामा नये. ती अट मलाही पटली. तीनशे वर्षांच्या दगडाला आपण का भोक पाडावं? उतरण नुसती टेकवायची, काम झालं की काढून ठेवायची.

मग एकेक माणूस जोडत गेलो. जेवणाचं आमच्या भागातल्या बचत गटाच्या बायकांनी घेतलं. ज्वारीची भाकरी, शिपी आमटी, शेंगांची चटणी. मी म्हटलं, "पोरांसाठी आहे, थोडं सवलतीत बघा." त्यातली एक पटकन म्हणाली, "का म्हून? ती पोरं काय भीक मागाया यायल्यात? पाव्हणं हायत. ताटाचा जो दर हाय त्यो हाय, आन् पोटभर वाढू." मला तिचं म्हणणं फार आवडलं. दया दाखवायची म्हणून मी त्या मुलांना आणि त्या बायकांना, दोघांनाही कमी लेखत होतो.

पाण्याकडच्या बाजूला माझा एक वर्गमित्र आहे. उजनी धरणात १९८० च्या सुमारास पाणी साठलं तेव्हा त्याचं गाव गेलं. शेतकऱ्याचा मुलगा मासेमारीकडं वळला. हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उजनीच्या फुगवट्यावर उतरतात. आमच्याकडं त्यांना अग्निपंखही म्हणतात. भिगवणच्या बाजूला त्यासाठी गर्दी होते, आमच्या काठावर तुरळक माणसं येतात. मित्र त्यांना होडीतून फिरवतो. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळात बोट उलटून सहा माणसं बुडाली. ते दुखणं आमच्या तालुक्याच्या मनातून गेलेलं नाही. म्हणून मी त्याला म्हटलं, "अंगात जॅकेट घातल्याशिवाय एकही पोरगं होडीत बसणार नाही, आणि वारा असेल तर होडी निघणार नाही." तो म्हणाला, "तू सांगायची गरज न्हाई."

जानेवारीतल्या एका सकाळी मुलं आली. वारा नव्हता. मित्र त्या व्हीलचेअरवाल्या मुलाजवळ गेला, उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा, होडीत घ्यायचंय तुमाला. कुठं धरू?" मुलानं सांगितलं, चाकाला हात लावू नका, ते फिरतं, खालची दांडी धरा, आणि मी 'उचला' म्हटल्यावर उचला. त्यानं म्हटलं, दोघांनी उचललं, तो बसला. मी काठावर उभा राहून बघत होतो. उचलणं तेच होतं, पण त्या मुलाचा चेहरा माझ्या आईसारखा झाला नव्हता.

पक्ष्यांपासून बऱ्याच अंतरावर मित्रानं इंजिन बंद केलं. जवळ गेलं की थवा उठतो आणि त्यांची चरणी मोडते. मी इतकी वर्षं ते गुलाबी पंख बघायला जायचो, आवाजाकडं कधी कान दिला नव्हता. हंसासारखा घोगरा, सगळ्यांचा मिळून एक गलका. मुलं मान वळवून ऐकत होती. एकजण म्हणाला, "डावीकडे जास्त आहेत, आणि उजवीकडे थोडे, पण जवळ." मित्रानं बघितलं, खरंच तसं होतं.

मग एका मुलीनं विचारलं, "काका, आपल्या खाली काय आहे?"

मित्र थोडा वेळ बोललाच नाही. मग सांगायला लागला. खाली शाळा आहे, तिच्या पुढं मारुतीचं देऊळ, पलीकडं आमची चिंच. उन्हाळ्यात पाणी हटलं की भिंती वर येतात, तेव्हा म्हातारी माणसं जाऊन स्वतःच्या उंबऱ्यावर बसून येतात. परत येताना तो मला हळूच म्हणाला, "इतकी गिऱ्हाईकं न्हेली, हे कुणी इचारलंच न्हवतं. समदी वर बघत्यात."

दुपारी माळावर जायचं होतं. आदल्या रात्री मी आईला म्हटलं होतं, "बारवेची माहिती मला नीट सांगता यायची नाही. तू तिथं पाणी भरलंस, धुणी धुतलीस. तू सांगशील का त्या पोरांना?"

ती बराच वेळ बोटांनी पदर चाळवत राहिली. "मला कुणी उचलायचं न्हाई. आधीच सांगते."

"कुणी हात लावणार नाही," मी म्हटलं.

उतरणीवरून आधी तो मुलगा गेला, स्वतःच्या हातांनी चाकं ओढत. वर पोचून त्यानं खुर्ची वळवली आणि आईला म्हणाला, "आजी, पुढं वाकून बसा, मागं झुकू नका." मी मागनं ढकललं. चाकं लाकडावर खडखड वाजली. उंबरा ओलांडला तसं आईनं डावा हात वर केला, मी थांबलो. तिनं वाकून उंबऱ्याला बोटं लावली, मग कपाळाला. देवीपुढं ती काय बोलली ते मी ऐकलं नाही. बाहेर येताना डोळे पुसत होती, पण रात्री जेवणार, हे मला तेव्हाच कळलं.

मुलांनी दीपमाळेच्या दगडावर हात फिरवला, खांबाला मिठी मारून त्याचा घेर मोजला. नक्षीतलं मला न दिसलेलं त्यांच्या बोटांना सापडत होतं. मग बारव. आई काठावर खुर्चीत बसली आणि सांगू लागली. कोणत्या पायरीवर बसून बायका भांडायच्या, घागर कुठं टेकवायच्या, सासूच्या कागाळ्या कोणत्या कोपऱ्यात चालायच्या. मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवला, पण हा इतिहास माझ्या घरात असून मला माहीत नव्हता. मघाची मुलगी एका हातात काठी धरून, दुसऱ्या हातानं मैत्रिणीचा खांदा धरून, मोठ्यानं मोजत खाली उतरली. खालून तिचा आवाज घुमत आला, "आजी, चौऱ्याण्णवच भरल्या!"

आई हसत ओरडली, "आगं, दोन पाण्याखाली असत्याल!"

मुलगी वर आली तेव्हा तिचा तळवा ओला होता. तो तिनं आईच्या हातात दिला. "गार आहे ना, आजी?" आईनं तो हात बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी हिशोब केला. होडी, जेवण, सुताराचं लाकूड, सगळ्यांचे पैसे भागले. थोडे उरले ते उतरणीच्या डागडुजीला ठेवले. पुढच्या नवरात्रात ती उतरण पुन्हा लावली. तेव्हा कळलं, की तिची गरज आईलाच होती असं नाही. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या, पायाला प्लास्टर घातलेला उसतोड कामगार, कडेवर एक आणि पोटात एक असलेली बाई, सगळी तिच्यावरून गेली. ही माणसं आधीही येत असतील, दारातून हात जोडून परत जात असतील. आम्हाला दिसली नव्हती इतकंच.

सगळं साधलं असं नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, पण एस.टी.ची पायरी अजून आईच्या कमरेला येते. त्या दिवशी मुलांसाठी रुंद दाराचा संडास शोधायला मला अख्खं गाव पालथं घालावं लागलं. आणि उतरण मध्यंतरी एकदा मंडपवाल्याच्या सामानाखाली सापडली.

पण आता कुणी पाव्हण्यांना घेऊन येतो म्हणून फोन केला, की मी ९६ चं कौतुक नंतर सांगतो. आधी विचारतो, बरोबर कोण कोण आहे, कुणाला काय लागेल. मग उंबऱ्याचं माप सांगतो. आणि आई आतनं ओरडते, "आन् बारव बघायची असंल तर मंगळवारी या म्हणावं, मी तिथंच असते."