नादखुळा

माझी ओळख करून द्यायची तर नाव आणि हुद्दा सांगून भागायचं नाही. माझ्या नावाचे भावकीतच तिघं आहेत, आणि मास्तर तर आमच्याकडं गल्लीगणिक. पण माण तालुक्यातल्या आमच्या गावात उतरून थांब्यावर ‘नादखुळे मास्तर कुठं राहतात?’ असं विचारलंत, तर शेंबडं पोरगंही तुम्हाला घरापर्यंत आणून सोडील. हल्ली पोरं ट्रॅक्टरच्या मागं ‘नादखुळा’ असं कौतुकानं रंगवून घेतात. आमच्या वेळी ती शिवी होती, आणि मला ती पहिल्यांदा माझ्या वडिलांनी, आबांनी दिली.

आधी खोडी सांगतो. सुतळीचा तुकडा माझ्यानं टाकवत नाही. भेळ खाऊन झाली की मी कागद वाचतो. बातमी मधेच फाटलेली असली तर पुढची मनानं पुरी करतो. सातची एस.टी. असली की सहालाच थांब्यावर जाऊन बसतो. आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ‘पाव्हणं, गाव कंचं?’ असं विचारल्याशिवाय प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. आमची मंडळी म्हणते, “अहो, तुमच्या खिशात सुतळी सापडती, टाचणी सापडती, बोराची आठळी सापडती. पैसे तेवढे सापडत न्हाईत.” यात खोटं काही नाही.

पहिला नाद काड्यापेटीच्या छापांचा. 1972 चा दुष्काळ. मी बारा वर्षांचा, दादा पंधराचा. त्या साली त्याची शाळा सुटली ती सुटलीच. आई, आबा आणि दादा खडी फोडायच्या कामावर जायचे. सरकारी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घर चाललं होतं. मी धाकटा, ‘हुशार’, म्हणून शाळेत. संध्याकाळी दादा यायचा तेव्हा त्याच्या हातांना फोड असायचे, आणि मुंडाशाच्या टोकात दोन-चार रिकाम्या पेट्या बांधलेल्या असायच्या. बिड्या ओढणाऱ्यांनी टाकलेल्या. घोडा, जहाज असली चित्रं. मी ती पाण्यात भिजवून सोडवायचो आणि जुन्या वहीत डकवायचो. त्याच्या हातांकडं मी तेव्हा बघितलं नाही, पेट्यांकडंच बघितलं.

मग भजनी मंडळात मृदंग शिकायला बसलो. दोन वर्षांत बुवांनी हात जोडले, “मास्तर व्हा, पण वारकऱ्यांचा ताल बिघडवू नका.” मग रेडिओ. बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकायला चावडीजवळच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो आणि गाण्यांचे नंबर वहीत उतरवायचो. पुढं रेडिओ उघडून बघायचाही नाद लागला. उघडलेले सगळे परत जुळलेच असं नाही.

1980 ला प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी लागली. पगार आणून आबांच्या हातात द्यायचा, अशी घरची रीत. पुढच्या वर्षी एका महिन्याचा पगार लांबलाय असं मी घरी सांगितलं, आणि त्यातून ‘क्लिक थ्री’ कॅमेरा घेतला. एका रोळात बारा फोटो. लपवून किती दिवस लपणार? आबांनी तो बघितला, उलटापालटा केला आणि एवढंच म्हणाले, “नादखुळं हाय. ह्यो डबा काय दूध देतोय का?” नंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. त्या महिन्यात पेंड उधारीवर आणली होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या पहिल्याच रोळातला एक फोटो आईचा आहे. ती फोटोला उभी राहायला तयार नव्हती. “माझ्या थोबाडाचं काय घेतूस, बैलांचं घे,” म्हणायची. शेवटी ती गोठ्याबाहेर शेणी थापत असताना मी हाक मारली. तिनं वर बघितलं आणि मी बटण दाबलं. कोपऱ्यापर्यंत शेणानं भरलेले हात, कपाळावर आलेली बट, आणि चेहऱ्यावर राग की हसू, ते अजून ठरत नाही.

1983 ला आई गेली. तेराव्याच्या आधी आबा माझ्याजवळ आले. खाली बघतच म्हणाले, “त्या डब्यातला तिचा फोटू मोठा करून मिळंल का?” आईचा तो एकुलता एक फोटो. अजून भिंतीवर आहे.

इथं थांबलो असतो तर माझ्या नादांची वकिली छान झाली असती. पण थांबता येत नाही.

पुढं कलमांचा नाद लागला. दादाच्या बांधावरच्या गावठी बोरी उन्हाळ्यात छाटल्या, पावसाळ्यात फुटलेल्या कोवळ्या फांद्यांवर उमराणचे डोळे भरले. दहातले दोन जगले. निवृत्तीनंतर पावसाचा नाद. अंगणात पर्जन्यमापक लावलाय आणि पडेल तो पाऊस रोज वहीत लिहितो. आमच्या भागात वहीची पानं लवकर भरत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात दादा त्याच बोरींची बोरं घेऊन आला. ओट्यावर बसलो होतो. सहज विचारलं, “दादा, तुला कधी कसला नाद न्हवता का रं?”

तो बोर चावत राहिला. आठळी अंगणात टाकून म्हणाला, “हुता की. पोहायचा. पाटलाच्या हिरीवर बुड्या मारायचो, तुला ठावं न्हाई.” मग जरा थांबून म्हणाला, “नादाला सवड लागती. घरात एकाचीच सवड हुती. ती तुझ्याकडं गेली.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारभाव सांगावा तसं त्यानं सांगितलं. बोलून झाल्यावर पिशवी झटकून तो वैरणीला निघून गेला.

म्हणून हल्ली कुणी माझी ओळख विचारली की मी नादांची यादी सांगतो, आणि शेवटी एक गोष्ट जोडतो: मला एक थोरला भाऊ आहे. तो फार चांगला पोहायचा.