फुफींनी आणलेला भोपळा

आम्ही म्हणजे दोघी जावा. अकरा वर्षे एकाच घरात, एकाच ओट्यावर रांधत आलो, म्हणून लिहितानाही ‘आम्ही’च लिहितो आहोत. जिथे दोघींचे पटले नाही तिथे तसे सांगू.

घर खेड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात. आमचे सासरे, अब्बा, उर्दू शाळेत मास्तर होते. अम्मी पाच वर्षांपूर्वी अल्लाहला प्याऱ्या झाल्या. थोरलीच्या मालकांचे गावात किराणा दुकान, धाकटीचे मालक कुवेतला. अब्बांचा शब्द घरात शेवटचा असे आणि जेवणाच्या बाबतीत तर पहिलाही तोच असे. सुरमईच्या कालवणात आमसूल किती हेदेखील ते चव न घेता, नुसत्या वासावरून सांगत.

त्या अब्बांना दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि गिळणे अवघड झाले. पाण्याचा घोट घेतला तरी ठसका लागे. डॉक्टरांनी सांगितले, यांना पातळ काही देऊ नका. पाणी, चहा, कढण घशातून भरकन उतरते आणि श्वासनलिकेत जाऊ शकते. सगळे दाट, एकजीव, गुठळी नसलेले हवे. ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन, लहान चमच्याने भरवायचे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ द्यायचे नाही. (हे आमच्या अब्बांपुरते. प्रत्येक रुग्णाचे वेगळे असते. आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी हे उचलू नये.)

आम्ही भात-वरण मिक्सरमधून काढले. नाचणीची पेज दाट केली. केळे कुस्करले. अब्बा दोन चमचे घेत आणि तोंड मिटून घेत. बोलणे अस्पष्ट झाले होते, पण नजर स्पष्ट होती: हे काय देता आहात मला? चार महिन्यांत अंगावरचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसू लागला.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही यावर आमचे दोन दिवस गेले. त्या चार महिन्यांत आम्ही एकमेकींशी वाईट वागलो. थोरलीला वाटे, धाकटी मुलांच्या अभ्यासाचे निमित्त करून भरवायच्या वेळी खोलीत जाऊन बसते. धाकटीला वाटे, थोरली तिच्या हातचे अब्बांपर्यंत पोचूच देत नाही आणि मग ते खात नाहीत म्हणून रडते. दोन्हींत थोडे थोडे खरे होते. मुलांच्या शाळेसाठी मुंब्र्याला बिऱ्हाड करायचा विषय तेव्हाच निघाला होता आणि तो विषय शाळेचा नाही, चुलीचा आहे, हे घरात सगळ्यांना कळत होते.

डिसेंबरात फुफी आल्या. अब्बांची सर्वांत धाकटी बहीण, त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान. वडील लवकर गेल्यामुळे अब्बांनीच तिला वाढवले, शिकवले आणि १९९५ साली लग्न लावून केपटाउनला पाठवले. रत्नागिरी-रायगडकडच्या पुष्कळ मुसलमान घराण्यांचे केपटाउनशी नाते आहे. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी इथली माणसे पोटापाण्यासाठी त्या बंदरात उतरली आणि कोकणी मुसलमान म्हणून आजही तिथे नांदत आहेत. फुफींच्या सासरी घरात आपली बोली अजून चालते. त्यांचे कोकणी ऐकले की आपल्या आजीच्या वेळचे शब्द कानावर पडतात.

मुंबईहून येताना त्यांनी दादरच्या बाजारातून तीन भोपळे घेतले होते. आकार सुरईला उलटे धरल्यासारखा. मान जाड, खाली फुगीर पोट, रंग कच्च्या बिस्किटाचा. बटरनट. तिकडे हा घरोघरी असतो, आपल्याकडे दुधी असतो तसा. मूळचा तो तिकडचाही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९४०च्या दशकात ही जात तयार झाली आणि त्याच राज्यातल्या वॉल्थम गावाचे नाव लागलेला तिचा वाण आजही लावला जातो. आपल्याकडचा बराचसा लाल भोपळा याच कुळीतला. म्हणजे परका म्हणावा तर चुलत भाऊ निघतो. लाल भोपळ्यापेक्षा याच्यात पाणी कमी, गर घट्ट, रेषा जवळजवळ नाहीतच आणि चवीला किंचित बदामाची झाक.

फुफींनी भावाला पाहिले, त्यांचा डावा हात हातात घेऊन बसल्या आणि मग डोळे पुसून थेट स्वयंपाकघरात आल्या. एक भोपळा उभा चिरला, बिया चमच्याने खरवडून काढल्या, कापलेल्या बाजूंना तेलाचा हात लावला आणि दोन्ही फाका जाड तव्यावर पालथ्या घातल्या. कडेने दोन चमचे पाणी, वर घट्ट झाकण, आच अगदी मंद. पाऊण तासाने सुरी लोण्यात जावी तशी गेली. खालची बाजू खरपूस तपकिरी झाली होती. तोच भाग सोन्याचा, असे त्या म्हणाल्या. उकडलेल्या भोपळ्याला ती चव येत नाही, हे आम्ही नंतर स्वतः करून पाहिले. गर चमच्याने काढला, तुपावर कांदा आणि बोटभर आले मऊ होईपर्यंत परतले, सगळे मिक्सरमधून फिरवले, चाळणीतून गाळले, आणि दोन-तीन चमचे नारळाचे घट्ट दूध व मीठ घालून एकदा गरम केले. पाण्याचा थेंब नाही. चमचा तिरपा केला तर सावकाश घसरावे एवढे दाट.

त्या दिवशी अब्बांनी सबंध वाटी संपवली. थोरली दाराच्या एका बाजूला उभी होती, धाकटी दुसऱ्या. वाटी रिकामी झाल्यावर अब्बा काहीतरी म्हणाले. तीनदा म्हणाले तेव्हा कळले: “मीठ कमी.”

आम्ही दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी एकाच वेळी.

फुफी पाच आठवडे होत्या. तेवढ्यात त्यांनी या भोपळ्याचे जे जे करून दाखवले त्यातले सर्वांत आवडलेले म्हणजे ‘ब्रेडी’. केपटाउनच्या मलाय मुसलमानांचा हा पदार्थ, मटण आणि भाजी मंद आचेवर एकत्र मुरवलेला. नाव परके, पण भांड्याचे झाकण उघडले की वास ओळखीचा. अर्धा किलो मटणाला सोललेला किलोभर बटरनट. तीन कांदे तांबूस परतायचे, त्यात दालचिनीचा मोठा तुकडा, चार लवंगा, आले-लसूण, दोन-तीन सुक्या मिरच्या. मटण घालून ते जवळजवळ शिजेपर्यंत थांबायचे. मग भोपळ्याच्या मोठ्या फोडी वर पसरायच्या, चिमूटभर साखर, झाकण, आणि पाणी घालायचा मोह टाळायचा. मोह होतोच. पहिल्यांदा आम्ही घातले आणि रस्सा झाला. फोडींच्या कडा विरघळून मटणाला लपेटल्या पाहिजेत. सोबत भात. आम्ही तांदळाच्या भाकरीबरोबरही खाल्ले, फुफींनी नाक मुरडले, नंतर त्यांनीही तसेच खाल्ले.

गोडाच्या बाबतीत मात्र आमचे एकमत झाले नाही. तिकडे भोपळ्याचा गर, मैदा, अंडे कालवून त्याचे छोटे गोळे तेलात तळतात आणि वर दालचिनी-साखर भुरभुरतात. धाकटीच्या मुलांना ते इतके आवडले की घारगे मागे पडले. थोरलीचे म्हणणे, घारगे ते घारगे. एक वाटी वाफवलेला गर, पाऊण वाटी गूळ, गरम असतानाच विरघळवायचा, वेलची, चिमूट मीठ, मग मावेल तेवढी कणीक आणि दोन चमचे तांदळाचे पीठ. बटरनटला पाणी कमी सुटते म्हणून पीठही कमी लागते आणि घारगे मऊ राहतात. चार दिवस टिकतात, दालचिनीवाले गोळे तासाभरात मलूल होतात. पण इफ्तारीला जे गरम गरम खायचे असते त्याला टिकायची गरज काय, हे धाकटीचे म्हणणे, आणि त्याला उत्तर नाही.

काही बारीकसारीक. हा भोपळा सोलताना त्याचा चीक हाताला लागतो आणि कातडी ताणल्यासारखी होते. फणसाला लावतो तसे हाताला आधी तेल लावावे. देठासकट, कोरड्या हवेशीर जागी दोन-तीन महिने राहतो, पण कोकणातल्या पावसाळ्यात एवढी आशा धरू नये. बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून तव्यावर भाजल्या की मुले शेंगदाण्यासारख्या खातात. सालींची चटणी आम्ही दोडक्याच्या शिरांसारखी करून पाहिली. कोंबड्यांनीही ती नाकारली. मधुमेह असलेल्यांनी गोडवा लक्षात घेऊन बेतानेच खावा. भाजी असली तरी पिष्ट त्यात आहेच. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावे, कारण पोटॅशियम बऱ्यापैकी असते.

एक गोष्ट मुद्दाम लिहायची आहे. पुतणी-पुतणे दुधीला तोंड वाकडे करत तेव्हा अब्बा नेहमी हजरत अनस (रजि.) यांची हदीस सांगत. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवायला बोलावले, जवाची भाकरी आणि भोपळा व वाळवलेले मांस घातलेला रस्सा पुढे ठेवला. आपण (स.) ताटाच्या कडेकडेने भोपळ्याच्या फोडी शोधून घेत होते. ते पाहिल्यापासून हजरत अनस (रजि.) यांनाही भोपळा प्रिय झाला. धाकटीच्या मुलीने बटरनट पाहून विचारले, तो हाच का? आम्ही हो म्हणणार होतो. अब्बांनी डाव्या हाताने ‘नाही’ केले आणि ओट्यावरच्या दुधीकडे बोट दाखवले. बरोबरच आहे. लाल भोपळा काय नि बटरनट काय, दोन्ही अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतरच ते बाकीच्या जगाला मिळाले. त्या काळच्या अरबस्तानात होता तो दुधीच्या कुळीतला. कुणी सुन्नत म्हणून बटरनट विकत असेल तर ते बरोबर नाही. बोलता येत नव्हते तरी मास्तरांनी चूक सुधारली.

फुफी जानेवारीच्या शेवटी परत गेल्या. जाताना भाऊ-बहीण काय बोलले ते आम्ही ऐकले नाही, दार लोटलेले होते. त्यांनी तिसऱ्या भोपळ्याच्या बिया जपून ठेवायला लावल्या होत्या, त्या आम्ही विहिरीच्या बाजूला लावल्या. मे महिन्यात नऊ फळे आली. तोवर मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला पिशवी धरून भोपळा आणायला लावत होतो. भरवायच्या पाळ्या ठरल्या: सकाळ धाकटीकडे, रात्र थोरलीकडे, आणि एकीच्या पाळीत दुसरीने दारात उभे राहायचे नाही. हा नियम फुफींनी घालून दिला होता. अब्बांचे वजन तीन किलोने वाढले. एप्रिलपासून ते मऊ भात खाऊ लागले. एकदा बटरनटच्या लगद्यात भाजलेल्या जवळ्याची अगदी बारीक पूड आणि आमसुलाचा अर्क घालून दिला, तेव्हा त्यांनी वाटी ओठाला लावून पुसून घेतली. मीठ ठीक आहे का विचारले तर मान हलवली.

गेल्या सप्टेंबरात दुसरा झटका आला. तीन दिवसांत अब्बा गेले. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो. घरात त्या वेळी एक बटरनट उरला होता. चाळिसाव्यापर्यंत त्याला कुणी हात लावला नाही, मग तो सडला.

मेमधल्या फळांच्या बिया आम्ही यंदा जानेवारीत पुन्हा लावल्या. शेजाऱ्यांच्या कुंपणावर लाल भोपळ्याचा वेल असतो. कूळ एकच, मधमाशांना कुंपण कळत नाही. यंदा सात फळे आली आणि सातांत दोन सारखी नाहीत. एक लांबट पण हिरव्या पट्ट्यांचे, दोन गोल, एकाला मान आहे पण वाकडी. फुफींना फोनवर दाखवली तर हसता हसता त्यांचा चेहरा बदलला, मग म्हणाल्या, चव सांगा. चव मिळमिळीत होती, पाणी फार. ती जवळ्यात घालून संपवली.

एक मात्र हुबेहूब पहिल्यासारखे होते. जूनमध्ये धाकटी मुलांना घेऊन मुंब्र्याला गेली, त्याच्या आदल्या रात्री ते चिरले. मानेचा भाग वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या पिशवीत गेला, कारण त्यात गर जास्त आणि प्रवासात फुटत नाही. पोटाचा भाग, बियांसकट, गावी राहिला. बिया राखेत घोळून डब्यात ठेवल्या आहेत. पुढच्या जानेवारीत शेजाऱ्यांच्या वेलापासून लांब, खाडीच्या बाजूला लावून पाहायच्या आहेत.