मागायच्या आधी

ओटीवरचं गूळपाणी. कोकणातल्या आमच्या वेळणेश्वरात भर उन्हात कोणी ओटीवर टेकलं की तांब्याभांडं आणि गुळाचा खडा पुढे यायचा. 'कुठले, कोणाकडे आलात' हे मागाहून. घरात गूळ नसेल तर मागच्या दारानं शेजारी वाटी जायची आणि पाहुण्याला त्याचा पत्ता लागायचा नाही. द्यायची इच्छा आजही आहे, वाटेनं चालत येणारं माणूस उरलं नाही.

जास्तीचा भात. इथला वेळणेश्वर कितीतरी कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत. पुण्या-मुंबईहून माणसं अभिषेकाला यायची ती बहुधा न कळवताच. म्हणून तांदूळ घरातली डोकी मोजून धुतले जात नसत. आता निवास-न्याहारीची सोय आहे, दर ठरलेले आहेत, आणि त्यात काहीही चूक नाही. त्या पैशांवर गावातली काही मुलं गावात टिकली. पण नारळ-सुपारीवर जेमतेम चालणाऱ्या घरांनी अनोळखी माणसाच्या पानात वाढलेला तो भात मी फार मोठं दान समजतो.

पडवीतलं इरलं. एक जास्तीचं खुंटीला असायचं, पावसात अडकलेल्यासाठी. नेणाऱ्यानं परत आणून टांगायचं, एवढंच.

बेड्याजवळचे नारळ. पाडेली माडावरून उतरला की दोन असोले नारळ बेड्याजवळ, म्हणजे फाटकाशी, ठेवले जात. ज्या म्हातारीला वाडी नव्हती ती जाता-येता ते उचलायची. ठेवणारा बोलायचा नाही, तीही बोलायची नाही.

पत्र वाचून दाखवणं. याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण आमच्या शेजारच्या माई हे काम करायच्या. इथल्या कितीतरी घरांची चूल मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटे. पत्र आलं की बायका माईंकडे येत. माई आधी स्वतः मनात वाचून घेत, मग मोठ्यानं. 'या महिन्यात पैसे जमणार नाहीत' असं असलं की त्या पोरांना काहीतरी काम सांगून बाहेर पिटाळत आणि मगच ते वाक्य वाचत. संध्याकाळी त्या घरी पायलीभर तांदूळ पोचत. 'उसने नेलेले परत करतेय' असा निरोप बरोबर असे. काहीही उसनं नेलेलं नसे. 1982 च्या गिरणी संपानंतर मनीऑर्डरी आटल्या, तेव्हा हा निरोप माईंच्या घरातून फार वेळा गेला.

पलीकडे दापोली तालुक्यात, मुरूडला, सोमण गुरुजींनी आपल्या एका विद्यार्थ्याला दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसवलं होतं. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. 1875 साली परीक्षेसाठी तो साताऱ्यापर्यंत पायी गेला आणि लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे 1916 मध्ये त्याच्या हातून महिला विद्यापीठ उभं राहिलं. ते सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्या देवळातले गुरुजी अधिक जवळचे वाटतात. आपल्याला वाचता येतं ते ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी वापरायचं, हे त्यांनी एका पोराच्या अंगवळणी पाडलं.

गावकीची खोली. लालबाग-परळच्या चाळीत गावोगावच्या अशा खोल्या होत्या. भिंतीला लागून ट्रंका, झोपायचं पाळीपाळीनं. नव्यानं आलेल्या पोराला काम लागेपर्यंत भाड्यातला वाटा कोणी विचारत नसे.

वस्तीची एसटी. ड्रायव्हर-कंडक्टरला कुठल्या तरी घरून आमटीभात जायचा. पावसाळ्यात घाटात गाडी अडकली तरी निखाऱ्यावर आमटी असायची.

माई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. 2012 पासून गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, लांबलांबची पोरं शिकायला येतात. सणाला घरी न गेलेल्या दोघाचौघांना माईंची सून जेवायला बोलावते. फोनवर तिचं बोलणं मी ऐकलंय. "मोदक जास्त झालेत रे, वाया जातील, संपवायला या."

नारळ तेव्हा अजून खवायचाच असतो.