निवडून घेतलेले प्रेम

गागोदे बुद्रुक हे पेण तालुक्यातले, रोह्याच्या बाजूचे एक लहान गाव. विनोबांचा जन्म इथला, ११ सप्टेंबर १८९५चा. आमच्या महाविद्यालयातल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे गेलो होतो. अशा सहलींत एरवी जे होते तेच झाले. घर पाहून झाले, छायाचित्रे काढून झाली आणि मुले सावली शोधून डबे उघडून बसली. माझ्या पिशवीत 'गीताई' आणि विनोबांचे 'ख्रिस्तधर्म-सार' अशी दोन पुस्तके होती. दुसरे मी मुद्दाम घेतले होते, कारण वर्गात वसईची एक कॅथलिक मुलगी होती आणि तिला ते दाखवावे असे मनात होते. खरे तर त्यात थोडा शिक्षकी दिखाऊपणाही होता.

तिने ते चाळले. नव्या करारातली वेचक वचने विषयवार लावलेले ते पुस्तक. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, यांनी आपल्याला हवं तेवढंच घेतलंय. निवडून घेतलं तर त्याला प्रेम म्हणायचं का?"

मी तेव्हा दिलेले उत्तर पाठ्यपुस्तकी होते. विनोबांनी कुराणाचे सार काढले, भागवताचे काढले, मनुस्मृतीचेही वेचे काढले. ही त्यांची सर्वच धर्मग्रंथांकडे पाहण्याची रीत होती, वगैरे. ते खोटे नव्हते, पण तिच्या प्रश्नाला ते कुठेही भिडत नव्हते. ती ग्रंथावरच्या प्रेमाविषयी विचारत होती आणि विनोबांचे उत्तर बहुधा असे असते, की प्रेम ग्रंथावर नव्हे, ग्रंथ ज्याच्याविषयी बोलतो त्याच्यावर करायचे. पण मग ही दोन प्रेमे वेगळी आहेत का? वेगळी असतील तर दुसऱ्याशिवाय पहिले किती दिवस टिकते?

गागोद्याच्या त्या घरातली एक आठवण विनोबांनी सांगितली आहे. त्यांचे आजोबा शंभुराव गणेशचतुर्थीला चंदनाचा गणपती करीत. चंदन उगाळायला घरातली मुले बसत. इतक्या कष्टाने घडवलेल्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होई, पूजा होई आणि मग ती पाण्यात सोडून दिली जाई. आवाहन आणि विसर्जन या दोहोंच्या मधल्या दिवसांत तो देव खरा असे, पण त्या आकारात त्याला अडकवून ठेवायचे नसे. अशा घरात वाढलेल्या माणसाला ग्रंथातून वेचून घेणे जड गेले नसावे. परंतु मूर्तीचे विसर्जन करणारा आपला समाजही पोथीचे विसर्जन सहसा करत नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या गेल्या आणि त्या पुन्हा वर आल्या, असेच परंपरा आपल्याला सांगते.

ख्रिस्ती धर्माची गोष्ट इथे जरा निराळी आहे आणि ती आपण वर्गात नीट सांगत नाही. आपल्याकडे वेद अपौरुषेय मानले, म्हणजे शब्दच अनादी. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभही शब्दापासूनच होतो, पण तो शब्द पुढे पुस्तक न होता माणूस होतो. त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू ज्यांना बोल लावतो ते शास्त्र न वाचणारे नाहीत. ते शास्त्रात सार्वकालिक जीवन शोधतात आणि ज्याच्याविषयी ते शास्त्र साक्ष देते त्याच्याकडे मात्र येत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे पुस्तकाच्या आतच, पुस्तकापाशी थांबू नका, अशी सूचना लिहून ठेवलेली. त्या मुलीच्या प्रश्नाचे मूळ इतके जुने आहे.

मराठीत हा प्रश्न ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष जगून पाहिला ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. सारे कुटुंब तीर्थातीर्थांतून पुराणे वाचत फिरत होते. ऐकणाऱ्यांना संस्कृत कळत नसे, आणि ते कळावे अशी अपेक्षाही नसे. पुण्य वाचण्यात होते, ऐकण्यात होते. समजण्याशी त्याचा संबंध नव्हता. रमाबाईंनी हे सारे पुढे लिहून ठेवले आहे. आईवडील दुष्काळात, उपासमारीने गेले. भागवताचे हजारो श्लोक ज्या मुलीला मुखोद्गत होते तिला त्या ग्रंथप्रेमाचे मोल असे कळले.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आपल्या परिचयाचा आहे. केवळ चर्च सांगते म्हणून एखादे मत मान्य करणार नाही, आपण स्वतः बायबल वाचू, हा रमाबाईंचा हट्ट त्यात पानोपानी दिसतो. इथवरच्या रमाबाई ग्रंथाच्या बाजूच्या आहेत. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या एक अवघड कबुली देतात. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळालेला नाही. इतके वाचून, इतके भांडून, इतके बारकाईने तपासून! वाङ्मयाच्या कोणत्याही अभ्यासकाने ही कबुली दोनदा वाचावी अशी आहे.

या कबुलीनंतर त्यांनी काय केले? कुणाला वाटेल, ग्रंथ बाजूला ठेवला असेल. झाले नेमके उलट. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी आयुष्याची अखेरची सुमारे दीड दशके संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मिशनऱ्यांची भाषांतरे त्यांना चालली नाहीत. त्यांतले संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातल्या बाईला कळणार नाहीत आणि त्या शब्दांना चिकटलेले जुने अर्थही सोबत येतील, असे त्यांना वाटे. छपाईचे काम सदनातल्या स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे भाषांतर वाङ्मयीन दृष्टीने सुंदर आहे असे मी म्हणणार नाही. संस्कृतवर विलक्षण प्रभुत्व असलेल्या बाईने आपल्या हाताने आपली भाषा खडबडीत केली आहे. मला त्याचेच अप्रूप वाटते. ज्या ग्रंथावर आपले प्रेम असते तो आपण नटवतो, त्याला मखरात बसवतो. रमाबाईंनी तो नुकत्याच अक्षरे ओळखू लागलेल्या बाईच्या तोंडात बसेल असा केला. लहानपणी न कळणाऱ्यांना पुराणे वाचून दाखवली, त्याची ती फेड असावी, असे मला पुन्हा पुन्हा वाटते. पुरावा विचाराल तर माझ्याकडे नाही.

अर्थात ख्रिस्ती परंपरेत दुसरीही वाट आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले, ते बायबलचे भाषांतर नव्हे. नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवे होते, त्यांच्यासाठी रचलेल्या त्या ओव्या आहेत. वसईच्या त्या मुलीने बसमध्ये आपल्या आजीविषयी सांगितले. आजीच्या तरुणपणापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या सुमारास, ती मराठीत आली. आजीने बायबल कधी वाचले नाही, तिच्या हातात रोझरी असे. "पण आमेन कुठे म्हणायचं ते तिचं कधी चुकलं नाही," ती म्हणाली. मला लगेच रमाबाईंचे न कळणारे श्रोते आठवले. त्यांच्यात आणि या आजीत फरक काय, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. रमाबाईंना ते प्रेम अपुरे वाटले असते. मला तसे म्हणण्याचे धाडस होत नाही, आणि त्याचे कारण माझ्या घरातले आहे.

'गीताई' विनोबांनी १९३०-३१ मध्ये लिहिली. संस्कृत गीता कळत नाही आणि मिळाली ती मराठी गीताही जड जाते, असे त्यांची आई रुक्मिणीबाई म्हणाली होती. तूच का करत नाहीस, असे तिने मुलाला विचारले होते. पुस्तक झाले तेव्हा ती नव्हती, १९१८ सालीच गेली होती. इतर ग्रंथांची सारे काढणाऱ्या विनोबांनी आईच्या या ग्रंथातला एकही श्लोक गाळला नाही. ओळीस ओळ दिली. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला हेही एक उत्तर होऊ शकले असते, पण ते मला गागोद्याला सुचले नाही.

माझी आई चौथी शिकलेली. तिचा बारावा अध्याय पाठ होता आणि त्यातला एक शब्द ती नेहमी चुकवी. मी तेव्हा नुकताच एम.ए. झालो होतो. एक दिवस तिला थांबवून मी तो शब्द दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. तिसऱ्या दिवशी तिचे पुस्तक घेऊन शब्दाखाली लाल शाईने रेघ ओढून दिली. त्यानंतर मी घरात असताना ती मोठ्याने म्हणेनाशी झाली. मला वाटले, सवय सुटली. मी कॉलेजला गेल्यावर ती म्हणते, हे शेजारच्या काकूंकडून पुढे कित्येक वर्षांनी कळले.

गेली वीस वर्षे मी संतवाङ्मय शिकवतो. पाठभेद सांगतो. एखादा अभंग नीट उलगडला की वर्ग शांत होतो आणि मला आनंद होतो, तो खराच असतो. त्याला ग्रंथावरचे प्रेम म्हणायला माझी हरकत नाही. पण ज्या शब्दासाठी मी आईला गप्प केले तो शब्द मला ज्याच्यापेक्षा प्रिय होता, त्याचा मी त्या तीन दिवसांत एकदाही विचार केला नव्हता. रमाबाईंची १९०७ची ती कबुली मी शिकवताना हल्ली जरा अडखळतो.

गागोद्याला मी नेलेली 'गीताई' आईचीच प्रत होती. बाराव्या अध्यायाची पाने मऊ झाली आहेत, बाकीची बरीचशी कोरी आहेत. परतताना त्या मुलीने दोन्ही पुस्तके वाचायला मागितली. आठवड्याने तिने ती परत आणून दिली आणि विचारले, "सर, ही लाल रेघ कशासाठी आहे?"

मी तिला सांगितले.