बांगड्यांची खूण

'डेफनिंग' नावाची एक इंग्रजी कादंबरी आहे. कॅनडाच्या फ्रान्सिस इतानी यांची, 2003 साली आलेली. गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या काळातली. ग्रेनिया नावाची मुलगी पाच वर्षांची असताना तापाने बहिरी होते. आजी तिला चित्रांच्या पुस्तकातून शब्द शिकवते, बहीण तिच्यासोबत दोघींपुरती हातांची भाषा तयार करते. पुढे ती बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाते, मोठी होते आणि जिम नावाच्या, ऐकू येणाऱ्या मुलाशी लग्न करते. लग्नाला दोन आठवडे होतात न होतात तोच जिम युद्धावर निघतो. काम काय, तर जखमींचं स्ट्रेचर उचलायचं. तिकडे त्याच्या कानाशी तोफा, इकडे हिच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही.

मी ती तीन रात्रींत फोनवर वाचून काढली. कादंबरी कॅनडातली, पण मला सारखी दिसत होती ती माझ्या आजोबांची बहीण.

आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. गाव मात्र तिला 'मुकी' म्हणायचं. रेशन कार्डावर नाव होतं, पण ज्या नावाने हाक मारून उपयोग नाही ते कोण लक्षात ठेवतंय! खरं तर ती मुकी नव्हती. हसायची मोठ्याने, भांडायची त्याहून मोठ्याने. फक्त ऐकू येत नव्हतं, जन्मापासून. तिचं माहेर नांदेड जिल्ह्यातलं, कंधारकडचं. शाळेचा प्रश्नच नव्हता. तिने आणि माझ्या आजोबांनी लहानपणी मिळून खुणा बनवल्या. कपाळावर आडवी तीन बोटं म्हणजे वडील, कारण ते भस्म लावायचे. मूठ छातीशी घासली की भूक. दोन्ही मनगटांवर बोट गोल फिरवलं की बांगड्यावाल्यांची मुलगी. ही तिची मैत्रीण.

या मैत्रिणीकडे येतेच. आधी लग्न.

बहिऱ्या मुलीला स्थळ मिळायचं ते बहुधा बिजवराचं. आत्याआजीलाही तसंच मिळालं, लातूरकडचं. नवरा बैलबाजारात दलाल. हाळी-हंडरगुळीचा बाजार, माळेगावची जत्रा, हे त्याचं वर्षाचं गणित. आता ज्यांनी जुना बैलबाजार पाहिलाय त्यांना माहीत असेल, तिथे भाव तोंडाने ठरत नसे. दोघं एकमेकांचा हात धरत, वर उपरणं टाकत आणि आत बोटं दाबून किंमत सांगत. किती बोटं धरली, कशी दाबली, यावरून शेकडा कळायचा. भोवती गर्दी उभी असली तरी व्यवहार दोघांतच राहायचा.

म्हणजे बघा, अख्ख्या मराठवाड्यात हातांनी बोलणं ज्याचा धंदाच होता, असा माणूस तिला मिळाला.

'डेफनिंग'मध्ये अंधार हा ग्रेनियाचा शत्रू आहे. दिवा गेला की ओठ दिसत नाहीत, हात दिसत नाहीत, सगळी माणसं एकदम नाहीशी होतात. मग ती आणि बहीण रात्री एकमेकींच्या घोट्याला दोरी बांधून झोपतात. आत्याआजीच्या घरात तर वीज बऱ्याच उशिरा आली. रात्री तो बाजारातून परतला की अंधारातच तिचा हात हातात घ्यायचा आणि दिवसाची कमाई तिच्या बोटांवर मोजायचा. हे ती आम्हाला म्हातारपणी सांगायची, स्वतःचाच हात पदराखाली झाकून, आणि लाजायची. तो गेल्यावर ती माहेरी परत आली. नंतर कितीतरी वर्षं झोपेत तिच्या बोटांची चाळवाचाळव व्हायची, असं माझी आजी सांगते.

आता युद्धाचं.

आमच्याकडचं युद्ध शाळेत पाठ करून घेतात. हैदराबाद संस्थान, निजाम, रझाकार. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. 30 जानेवारी 1948 ला, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, इकडे उमरीची बँक लुटली गेली ती लढ्याला पैसा उभा करायला. 13 सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि 17 ला निजामाने हार मानली. म्हणून 17 सप्टेंबरला आपण झेंडा लावतो. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे ते याच लढ्यामुळे.

घरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी सगळ्या आवाजाच्या. घोषणा, बंदुकीचा बार, रात्री कुत्री भुंकायची ते, दारावरची थाप. आत्याआजी तेव्हा चौदा-पंधराची असेल. तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. तिच्याकडे धूर होता. आईने तोंडावर दाबलेला हात होता, कारण ही आपण किती मोठ्याने ओरडतोय हे हिला कळायचं नाही आणि कडब्याच्या गंजीमागे लपलेल्या बाकीच्यांचा जीव जायचा. कोण आलंय, का आलंय, हे तिला कोणी सांगू शकत नव्हतं. 'रझाकार'ला खूण नव्हती. तिने स्वतः बनवली: खांद्यावर बंदूक, मग धूर.

त्यापुढे ती ट्रक दाखवायची. तळपाय जमिनीवर दाबून, हादरे आधी पायाला कळले असं. मग सगळे नाचताहेत, गुळाचा खडा तोंडात. आणि मग पुन्हा दोन्ही मनगटांवर गोल बोट. पुन्हा धूर.

इथे आमच्या घरात नेहमी कोणीतरी मध्ये बोलायचं. "म्हातारीचं मागंपुढं होतंय, रझाकारातलंच सांगायली ती." आत्याआजीला ओठांवरून कळायचं की आपल्याला खोटं पाडताहेत. ती चिडून पहिल्यापासून सुरू करायची. बंदूक, धूर. ट्रक, गूळ. बांगड्या, धूर. क्रम एकदाही चुकला नाही.

कॉलेजात असताना मी सुंदरलाल समितीच्या अहवालाबद्दल वाचलं. पोलीस ॲक्शननंतर नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्यासोबत काही माणसं हैदराबादला पाठवली होती. त्यांनी गावोगाव फिरून लिहिलं की, रझाकारांच्या अत्याचारांनंतर सूड म्हणून मुसलमान मारले गेले, घरं लुटली, जाळली गेली. त्यांचा अंदाज 27 ते 40 हजार मृत्यूंचा. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बीदरमध्ये वाटलेला होता. हा अहवाल कितीतरी दशकं बाहेर आलाच नाही.

ऐकू येणाऱ्या आमच्या घरात दोन शब्द होते. एक 'रझाकारी', ती सांगायची. दुसरा 'पोलीस ॲक्शन', तिथे गोष्ट संपवायची. आत्याआजीला हे दोन शब्द कधी ऐकूच आले नाहीत. तिच्या हातात धुराची एकच खूण होती आणि ती दोन्ही वेळेला ती तशीच करायची. हे कोणाचं, ते कोणाचं, असं तिच्या भाषेत नव्हतंच. आपली मैत्रीण परत दिसली नाही, एवढं होतं.

इतानींची आजीसुद्धा बहिरी होती. त्यातून त्यांना ही कादंबरी सुचली. आपल्याकडे मुक्तिसंग्रामावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण मी वाचलेल्यांत बहिऱ्या माणसाने पाहिलेलं 1948 कुठे सापडलं नाही. गंमत म्हणजे मुंबईत वांद्र्याला बहिऱ्यांसाठीची जी राष्ट्रीय संस्था 1983 साली सुरू झाली, तिला नाव अली यावर जंग यांचं. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले हे गृहस्थ 1947 मध्ये निजामाच्या सरकारात मंत्री होते. इतिहास आणि बहिरेपण एका पाटीवर आहेत, आणि रोज शेकडो लोक तिच्याखालून जातात.

2021 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश आला. आजच्या बहिऱ्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. एकमेकांशी बोलता येईल अशी त्यांची भाषा आहे, तिच्यात भांडता येतं, प्रेमात पडता येतं, साक्ष देता येते. आत्याआजीची भाषा फक्त आमच्या घरापुरती होती. ती 2014 मध्ये गेली, आजोबा तिच्या आधीच गेले होते. आता त्या खुणा येणारी माणसं दोनच, माझे वडील आणि मी. मागच्या दिवाळीत मी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवून सगळ्या खुणा फोनवर रेकॉर्ड केल्या. त्रेचाळीस भरल्या. प्रत्येक खुणेचा अर्थ ते मोठ्याने सांगत होते.

बांगड्यांची खूण आली तेव्हा मी विचारलं, "बाबा, त्या मुलीचं नाव काय होतं?"

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, "आत्याला नाव कुठून माहीत असणार? आणि ज्यांना माहीत होतं, त्यांनी कधी घेतलं नाही."