फातोर्ड्याची तीन मिनिटे

रेवदंडा, जि. रायगड

प्रिय भाऊसाहेब यांस,


आपले पत्र पावले. झिकोंनी गोव्याच्या पदरात काय टाकले, असा जो रोखठोक सवाल आपण मडगावकर या नात्याने, आणि फातोर्डा मैदानाच्या पायऱ्यांवर घसा फोडून घेतलेले फिर्यादी या हक्काने, केला आहे, त्यास जबाब देणे सोपे नाही. कारण केवळ ताळेबंदावर निवाडा करावयाचा तर २०१४ साली उपान्त्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टींवर हार, २०१५ साली अंतिम सामन्यात हार आणि २०१६ साली गुणतक्त्याचा तळ, एवढ्या तीन नोंदींत एफसी गोवाच्या प्रशिक्षकपदाची त्यांची कारकीर्द दप्तरबंद होते.

परंतु ज्या मनुष्याची आपण झडती घेत आहात, तो कोण? आर्थुर आंतुनिश कोइंब्रा ऊर्फ झिको, ब्राझीलचा फुटबॉलपटू. १९५३ साली रिओच्या किंतिनो या उपनगरात जन्मलेला, पोर्तुगालहून आलेल्या पित्याच्या सहा अपत्यांतील धाकटा, आणि इतका किडकिडीत की फ्लामेंगो क्लबाने त्याच्या खुराकाची व व्यायामाची स्वतंत्र तजवीज केली. (आमच्या समोर, कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजोद्भव बोली चालते; झिको तेथे उतरले असते तर निम्मे काम दुभाष्यावाचून भागले असते!) त्याच क्लबाने पुढे १९८१ साली टोकियोत लिव्हरपूलला ३-० असे लोळविले, तेव्हा त्या विजयाचे सूत्रधार झिकोच होते.

आता विश्वचषकातील ५ जुलै १९८२ हा दिवस घ्या. बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीशी बरोबरी झाली असती तरी ब्राझील पुढच्या फेरीत जाणार होते. फाल्काओने २-२ अशी बरोबरी साधल्यावर दरवाजे लावून बसणे हाच शहाणपणाचा मार्ग होता, आणि प्रशिक्षक तेले सान्तानांच्या त्या संघास नेमके तेच जमत नव्हते. इटलीच्या पाओलो रोसीने तिसरा गोल केला आणि सामना गेला. चार वर्षांनी, पुढच्या विश्वचषकात, ग्वादालाहारात फ्रान्सविरुद्ध, दुखऱ्या गुडघ्यानिशी उत्तरार्धात उतरलेल्या झिकोंनी ब्रांकोला असा चेंडू दिला की पेनल्टी पदरात पडली. ती त्यांनीच घेतली आणि गोलरक्षक बाट्सने अडविली.

म्हणून २० डिसेंबर २०१५ च्या अंतिम सामन्याची ती रात्र मला अपरिचित वाटली नाही. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलाने आपण २-१ असे पुढे; फातोर्डा उभे राहिलेले; आणि मग गोलरक्षक कट्टीमणीच्या हातून, आपल्याच गोव्याच्या त्या पोराच्या हातून, चेंडू आपल्याच जाळ्यात, व भरपाईच्या वेळेत मेंडोझाचा घाव. चेन्नईयिन ३, गोवा २. आघाडी मिळाल्यावर सामना गोठवून ठेवण्याची जी एक रूक्ष विद्या आहे, ती झिकोंनी खेळाडू म्हणून आत्मसात केली नाही, आणि जी स्वतःस अवगत नाही ती शिकविणार कशी? ही उणीव बँकेच्या मॅनेजरात असती तर मी ठेव काढून घेतली असती. परंतु त्याच हंगामात मुंबईवर सात गोल चढविणारा संघही ह्याच स्वभावातून निपजला होता, हे आपण पत्रात सोयीस्करपणे गाळले आहे.

शिवाय त्यांची खरी पेढी निराळी आहे. १९९१ साली, ब्राझील सरकारातील क्रीडाखात्याचा भार उतरवून, ते जपानातील काशिमा येथे एका पोलाद कंपनीच्या दुय्यम श्रेणीतील संघात रुजू झाले. तो संघ पुढे त्या देशात सर्वाधिक विजेतेपदे मिळविणारा ठरला आणि तेथे झिकोंचा पुतळा उभा आहे. गोव्यास तेवढी मुदत मिळाली नाही. तरीही रोमियो फर्नांडिस त्यांच्या संघात चमकून २०१५ साली ब्राझीलच्या अतलेतिको पारानायेन्से क्लबात काही काळ जाऊन आला, आणि मंदार राव देसाई पुढे भारताच्या संघापर्यंत पोहोचला. आमच्या ह्या किनाऱ्यावर, जेथे ओहोटीच्या कडक वाळूवर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचाच अंमल चालतो, असा एक पोरगा निघाला असता तर ग्रामपंचायतीने कमान उभारली असती.

२०१६ सालाची तरफदारी मात्र मी करीत नाही. ते साल सर्वस्वी आपले.



आपला स्नेहांकित