किती दिवसांचा नेम?

डिसेंबरच्या अखेरच्या रात्री कोऱ्या वहीचे पहिले पान उघडून संकल्पांची यादी करावयास बसावे, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. त्या घटकेस माझ्या अंगी जे सात्त्विक तेज संचारते ते उरलेल्या वर्षात कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, हे मी कबूल करतो. यंदाची यादी अकरा कलमांची झाली. पहाटे उठणे, तासभर फिरणे, चहातील साखर वर्ज्य करणे, अशी चढत चढत ती घरातील अडगळ निपटून काढण्याच्या अकराव्या कलमापर्यंत गेली. साखरेचे कलम मात्र हौसेचे नव्हते. रक्ततपासणीचा कागद हाती धरून डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले होते, आणि त्या पाहण्यात दटावणीपेक्षा कीव अधिक होती.

हा संकल्प संक्रांतीपर्यंत टिकला. शेजारची सहा वर्षांची मुलगी नव्या परकराचा घोळ सावरीत दाराशी आली, माझ्या तळहातावर तिने तिळाचा लाडू ठेवला आणि गोड बोलण्याची आज्ञा केली. तिला माझ्या रक्तातील साखरेचे आकडे ऐकविणे हे काही गोड बोलणे झाले नसते. लाडू खाल्ला. दुपारच्या चहात एक चमचा साखर आली, दुसऱ्या दिवशी दीड. आठवड्याच्या आत फिरणेही थांबले. लाडवाचा आणि फिरण्याचा संबंध काय, हे मला सांगता येणार नाही. पण एका कलमाने मान टाकली की बाकीची फार वेळ तग धरीत नाहीत, एवढे खरे.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. हा सारा प्रकार तिने बोलल्यावाचून पाहिला आणि एके दिवशी विचारले, "किती दिवसांचा नेम धरला होतास?"

"दिवसांचा कसला? कायमचा."

"कायमचं सोडायचं ते काशीला जाऊन," ती म्हणाली, "आणि तेही एकच."

तिने स्वतः काशीस सीताफळ सोडले आहे. एरवी तिचे नेम चातुर्मासाचे, म्हणजे आषाढी एकादशीस धरावयाचे आणि कार्तिकीस सोडावयाचे. कांदा-लसूण, वांगी, एखादे धान्य, कधी नुसते मौन धरून जेवणे. ज्यांनी हे नेम घालून दिले त्यांना मनुष्यस्वभावाची जाण मोठी असली पाहिजे. कांदा सोडण्यापूर्वी तो पोटभर खाऊन घेण्यासाठी त्यांनी आषाढ शुद्ध नवमी राखून ठेवली आणि तिला कांदेनवमी असे नावही दिले. वांग्याच्या पुनरागमनासाठी चंपाषष्ठीचे भरीत ठेवले. त्याग केव्हा संपणार हे ठाऊक असले की तो मनुष्याला झेपतो.

"पण माझी साखर चार महिन्यांनी कशी सुरू करणार? ती तर जन्माची गेली."

"मग चार महिन्यांनी पुन्हा धर!"

हे ऐकून मला बेंजामिन फ्रँकलिन आठवला. या अमेरिकन मुद्रकाने तेरा सद्गुणांची यादी करून एका लहानशा वहीत तांबड्या रेघांचे कोष्टक आखले होते. प्रत्येक आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचे, चूक झाली की काळा ठिपका द्यावयाचा. तेरा आठवड्यांनी एक आवर्तन पुरे होई, वर्षात अशी चार. वस्तू जागच्या जागी ठेवण्याच्या गुणाने आपल्याला सर्वांत अधिक छळले, असे त्याने आत्मचरित्राच्या 1784 साली लिहिलेल्या भागात प्रांजळपणे सांगितले आहे. विजेचा अभ्यास करणाऱ्या या पुरुषासही आपले कागद आवरले नाहीत, हे वाचून मला जो आनंद झाला तो फारसा उदात्त नव्हता.

यंदा आषाढी एकादशीस मी फक्त चहातील साखर सोडली, कार्तिकीपर्यंत. त्याच दिवशी आईने आपला नेम सांगितला: "रोज एक वस्तू देऊन टाकायची."

मी हसलो. अकरावे कलम घरात कोणी तरी पार पाडीत आहे, याचे मला समाधानच वाटले. मग वस्तू जाऊ लागल्या. इरकली लुगडे कामाच्या बाईंकडे गेले, पितळी अडकित्ता मामेभावाकडे, गोधडीसाठी जमविलेल्या चिंध्यांचे गाठोडे कोणा शिवणाऱ्या बाईकडे. प्रत्येक वस्तू कोणाची व्हावयाची, हे तिचे आधीच ठरलेले असे. श्रावण संपता संपता माझे हसू मावळले. "राहू दे ना, अडचण काय होते?" असे म्हणणारा आता मीच होतो. ती उत्तर देत नसे.

परवा तिने वडिलांचा चष्मा बाहेर काढला. एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"हा कुणाला द्यावा, हे काही सुचत नाही रे. तुझ्या कपाटात जागा आहे का?"

जागा नव्हती. त्या रात्री मी एक खण रिकामा केला. बंद पडलेली घड्याळे, कशाच्या म्हणून न आठवणाऱ्या तारा, मुदत उलटलेली औषधे, सारे एका पोत्यात गेले. त्या खणात आता चष्मा आहे.

चहा अजून बिनसाखरेचाच चालला आहे. दिवाळी तोंडावर आहे, पाहू. आईच्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद दिसू लागला आहे. कार्तिकी एकादशीस अजून एकोणीस दिवस आहेत.